विजेच्या साह्यानें रेणूंची निवड



घरांत तांदूळ निवडण्याचें काम आपण सर्वांनीं पाहिलें आहे. पुष्कळांनीं केलेंही असेल. ताटांत तांदूळ पसरले कीं डोळा खडा शोधतो आणि बोट तो उचलतें. कोंडा असेल तर सुपांत घेऊन पाखडतात. कणी असेल तर चाळतात. खडा रंगावरून ओळखला, कोंडा हलकेपणावरून उडवला, कणी लहानपणावरून गाळली. निवडण्याच्या या तीन रीती झाल्या. आतां अशी कल्पना करा कीं, खडा तांदळाच्याच रंगाचा आहे, त्याच आकाराचा आहे आणि जवळजवळ त्याच वजनाचाही आहे. शिवाय तो इतका सूक्ष्म आहे कीं, प्रयोगशाळेंतील नेहमींच्या सूक्ष्मदर्शकाखालींही दिसणार नाहीं. असा खडा निवडावा कसा? आणि तो न निवडला तर एखाद्या मुलाच्या जिवाला धोका असेल तर?

हा प्रश्न काल्पनिक नाहीं. विदर्भांत, नंदुरबार जिल्ह्यांत आणि मध्य भारताच्या विस्तीर्ण पट्ट्यांत हजारों कुटुंबांपुढें तो उभा आहे. तेथें सिकल सेल या नांवाचा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. त्याचें मूळ रक्तांतील एका प्रथिनाच्या रेणूंत झालेल्या अगदीं लहानशा फरकांत आहे. तो फरक ज्या युक्तीनें प्रथम उघडकीस आला आणि ज्या युक्तीनें आजही ओळखतां येतो, ती युक्ति म्हणजे रेणूंची निवड विजेकडून करवून घेणें. त्या युक्तीची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहे.

प्रथम विजेशिवाय होणारी निवड पाहूं. मिखाइल त्स्वेत हा एक रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ. १९०३ च्या सुमारास तो वॉर्सा येथें काम करीत होता. पानांतील हिरवा रंग एकच आहे कीं तें अनेक रंगांचें मिश्रण आहे, हें त्याला पाहावयाचें होतें. त्यानें कांचेच्या एका उभ्या नळींत खडूची बारीक भुकटी ठासून भरली, पानांचा अर्क वरून ओतला आणि मागाहून स्वच्छ द्रावक सोडीत राहिला. अर्क खालीं उतरूं लागला तसा त्याचा एकसंध हिरवेपणा मोडला. पिवळे, पिवळसर हिरवे, निळसर हिरवे असे निरनिराळे पट्टे नळींत एकाखालीं एक दिसूं लागले. १९०६ सालीं त्यानें या रीतीला क्रोमॅटोग्राफी, म्हणजे रंगांनीं लिहिणें, असें नांव दिलें. मराठींत आपण तिला वर्णलेखन म्हणतों. योगायोग असा कीं, रशियन भाषेंत त्स्वेत या शब्दाचा अर्थच मुळीं रंग असा आहे.

हें घडतें कसें? पुण्याच्या तुळशीबागेंतून चार माणसें एकाच क्षणीं निघालीं असें समजा. चौघांची चाल सारखीच. परंतु एकाला कोणत्याच दुकानाशीं कर्तव्य नाहीं. दुसरा मधून मधून थबकतो. तिसरा प्रत्येक दुकानापाशीं उभा राहून भाव विचारतो. पलीकडच्या टोकाला तीं एकत्र पोंचणार नाहींत हें उघड आहे. खडूची भुकटी म्हणजे दुकानांची रांग, आणि वाहता द्रावक म्हणजे पुढें नेणारी गर्दी. ज्या रेणूला भुकटीचें आकर्षण अधिक तो मागें पडतो. वर्णलेखनाचें सारें रहस्य या थबकण्यांत आहे. पुढें ज्या पदार्थांना रंगच नाहीं अशांसाठींही ही रीति वापरण्यांत आली; नांव मात्र जुनेंच राहिलें.

आतां विजेकडे वळूं. व्होल्टानें पहिली विद्युत्-घटमाला तयार केली त्याला दहा वर्षेंही झालीं नव्हतीं, तोंच मॉस्को येथील प्राध्यापक फर्डिनांड रॉइस यांनीं एक साधा प्रयोग केला. तो १८०९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं ओल्या चिकणमातींत कांचेच्या दोन उभ्या नळ्या रोवल्या, त्यांत पाणी भरलें आणि एकींत विजेचें धन टोंक व दुसरींत ऋण टोंक सोडलें. थोड्या वेळानें धन टोंकाच्या नळींत मातीचे कण वर चढून पाणी गढूळ झालें. ऋण टोंकाच्या नळींत पाणी स्वच्छच राहिलें, पण त्याची पातळी चढली. म्हणजे विजेनें एकाच वेळीं दोन कामें केलीं: मातीचे कण एका दिशेनें ओढले आणि पाणी दुसऱ्या दिशेनें वाहवलें. या दोन गोष्टी कृपा करून लक्षांत ठेवाव्या. कणांच्या चालण्याला शास्त्रज्ञ इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. पाण्याच्या वाहण्याचा उपयोग व्हावयास मात्र पुष्कळ काळ जावा लागला.

कण विजेनें ओढला जातो तो त्याच्यावरील विद्युद्भारामुळें. ज्याच्यावर ऋण भार तो धन टोंकाकडे जातो; ज्याच्यावर धन भार तो ऋण टोंकाकडे जातो; भार अधिक व अंग लहान असेल तर वेग वाढतो. प्रथिनांच्या रेणूंवर असे अनेक भार असतात, आणि त्यांची बेरीज भोंवतालच्या द्रवाच्या आम्लतेप्रमाणें बदलते. स्वीडनमधील उप्साला येथील आर्ने टिसेलियस यांनीं याच गुणाचा उपयोग केला. १९३७ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या उपकरणांत, इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या नळींत रक्तद्रव घालून वीज सोडली जाई. तेव्हां एकजीव दिसणारा तो द्रव अल्ब्युमिन आणि अल्फा, बीटा व गॅमा असे तीन ग्लोब्युलिन मिळून चार भागांत विभागला गेला. हीं नांवें आजही रक्ततपासणीच्या अहवालांत आपल्या वाचनांत येतात. १९४८ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक टिसेलियस यांना मिळालें. तें इलेक्ट्रोफोरेसिस आणि वर्णलेखनाच्या जातीचें पृथक्करण या दोन्ही कार्यांबद्दल होतें. दोन प्रवाह एका माणसाच्या प्रयोगशाळेंत असे जवळ आले होते.

आतां आपल्या खड्याकडे परत येऊं. १९१० सालीं शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक यांनीं एका रोग्याच्या रक्तांत विळ्यासारख्या वांकड्या तांबड्या पेशी पाहिल्याचें प्रसिद्ध केलें. सिकल म्हणजे विळा. त्यावरून रोगाला नांव पडलें. निरोगी तांबडी पेशी वाटोळी व लवचिक असते आणि बारीकांतल्या बारीक रक्तवाहिनींतून घरंगळत जाते. विळ्याच्या आकाराची पेशी ताठ होते, अडकते, अडकलेल्या जागीं असह्य वेदना होतात, आणि ती अकालीं फुटत असल्यामुळें अंगांतलें रक्त कमी पडतें. पण पेशी वांकडी कां होते? दोष पेशीच्या आवरणांत कीं आंतल्या हिमोग्लोबिनमध्यें?

कॅलिफोर्नियांतील पॅसाडेना येथें लायनस पॉलिंग, हार्वे इटानो आणि त्यांचे दोन सहकारी यांनीं टिसेलियस यांच्या पद्धतीनें या प्रश्नाचा निकाल लावला. निरोगी माणसाचें हिमोग्लोबिन आणि रोग्याचें हिमोग्लोबिन यांचा रंग एक, आकार एक. वजनांतही लक्षांत येण्याजोगा फरक नाहीं. पण द्रवाची आम्लता एका ठराविक बिंदूवर ठेवून वीज सोडतांच निरोगी हिमोग्लोबिन धन टोंकाकडे सरकूं लागलें आणि रोग्याचें ऋण टोंकाकडे! ज्यांच्या अंगीं हा दोष आहे पण ज्यांना रोग नाहीं, अशा वाहकांच्या रक्तांत दोन्ही प्रकार एकत्र सांपडले. १९४९ सालीं हें संशोधन प्रसिद्ध झालें, तेव्हां त्याच्या शीर्षकांतच सिकल सेलला रेणूचा रोग असें म्हटलेलें होतें. रोगाचें मूळ एका रेणूच्या रचनेंत आहे, असें प्रत्यक्ष पुराव्यानें दाखवण्याचा हा पहिलाच प्रसंग.

फरक आहे हें कळलें. पण नेमका कोठें? या प्रश्नाचें उत्तर वीज व वर्णलेखन यांच्या संयोगानें मिळालें. केंब्रिज येथें व्हर्नन इन्ग्रॅम यांनीं १९५६ सालीं हिमोग्लोबिनचे पाचक रसाच्या साह्यानें सुमारें तीस तुकडे केले. त्या मिश्रणाचा ठिपका त्यांनीं ओल्या गाळणकागदावर ठेवला. आधीं एका दिशेनें वीज सोडून तुकडे भाराप्रमाणें पसरवले. मग काटकोनांतील दुसऱ्या दिशेनें द्रावक चढवून ते थबकण्याच्या स्वभावाप्रमाणें वेगळे केले. पहिल्या वेळीं जे दोन तुकडे एकमेकांवर बसले असतील, ते दुसऱ्या वेळीं सुटे झाले. कागदावर ठिपक्यांची नक्षी उमटली. बोटाच्या ठशाप्रमाणें ती त्या प्रथिनाची ओळख ठरली. निरोगी आणि रोगी हिमोग्लोबिनचे ठसे शेजारीं ठेवले, तेव्हां सर्व ठिपके जुळले. फक्त एक ठिपका जागेवरून सरकलेला होता. पुढील वर्षीं उलगडा झाला. हिमोग्लोबिनच्या बीटा सांखळींत १४६ अमिनो अम्लांचे मणी एका क्रमानें ओंवलेले असतात. त्यांतील सहावा मणी ग्लुटामिक अम्लाचा असावयाचा, तो रोग्यामध्यें व्हॅलीनचा असतो. ग्लुटामिक अम्लावर ऋण भार असतो, व्हॅलीनवर नसतो. एवढ्या एका मण्यानें भार बदलला, म्हणून विजेला तो समजला.

परंतु या पद्धती सावकाश चालत. कागदावरच्या प्रयोगाला तास न् तास लागत. विजेचा दाब वाढवला तर काम लवकर व्हावें. पण दाब वाढला कीं द्रव तापतो, तापलेल्या द्रवांत उलथापालथ होते, आणि वेगळे झालेले रेणू पुन्हां मिसळतात. पाखडून झालेलें धान्य कोणी पुन्हां कोंड्यांत ओतावें तसें तें होतें. टिसेलियस यांनीं आपली नळी जवळजवळ गोठणबिंदूपर्यंत थंड ठेवली होती ती याच भयानें. त्यांचेच शिष्य स्टेलान येर्टेन यांनीं १९६७ सालीं क्वार्ट्झची बारीक नळी स्वतःभोंवतीं सतत फिरती ठेवून ही उलथापालथ टाळली.

अखेर उपाय निघाला तो नळी अतिशय बारीक करण्यांत. १९८१ सालीं अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांत जेम्स जॉर्गेन्सन आणि क्रिन लुकाक्स यांनीं ७५ मायक्रॉन आंतल्या व्यासाच्या कांचेच्या नळ्या वापरल्या. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तेव्हां त्या नळीचें भोंक माणसाच्या केंसाच्या जाडीइतकें झालें. अशा केशनलिकेंत द्रवच इतका थोडा कीं, उत्पन्न झालेली उष्णता कांचेंतून लगेच बाहेर निघून जाते. आपल्या घरीं २३० व्होल्ट दाबाची वीज येते. या नळीच्या दोन टोंकांना ३०,००० व्होल्टपर्यंत दाब देतां आला. पूर्वीं ज्याला तास लागत तें कांहीं मिनिटांत होऊं लागलें. नमुनाही किती लागतो? रक्ताच्या एका थेंबाच्या दहा हजाराव्या भागाएवढा नळींत शिरला तरी पुरे. पुढें मानवाच्या आनुवंशिक लिपीचें वाचन २००३ सालीं पूर्ण झालें, त्यांतही अशाच केशनलिकांच्या यंत्रांचा मोठा वांटा होता.

येथें रॉइस यांच्या प्रयोगांतील दुसरी गोष्ट, पाण्याचें वाहणें, पुन्हां पुढें येते. कांचेच्या भिंतीवर पाण्याच्या स्पर्शानें ऋण भार येतो. त्याला चिकटून पाण्यांतील धन भाराचे आयन गोळा होतात. वीज सोडली कीं ते ऋण टोंकाकडे निघतात आणि सगळें पाणी आपल्याबरोबर ओढून नेतात. या प्रवाहाचा एक गुण अपूर्व आहे. पंपानें ढकललेलें पाणी नळीच्या मध्यभागीं जोरानें जातें आणि भिंतीपाशीं घांसून मागें रेंगाळतें. अरुंद बोळांतून मिरवणूक मागून रेटली म्हणजे कडेचीं माणसें भिंतीला घांसत मागें राहतात, तसेंच. पण विजेच्या प्रवाहांत ओढणारेच भिंतीलगत असतात. त्यामुळें सारी रांग एका सरळ रेषेंत पुढें सरकते. रेणूंचा पट्टा मग फिसकटत नाहीं. बारीक आणि ठसठशीत राहतो.

त्स्वेतच्या भुकटीच्या नळींत पंपाऐवजीं हाच प्रवाह वापरला तर? या विचारांतून विद्युत्-वर्णलेखनाचा जन्म झाला. वीज आणि भुकटीची नळी यांची जोड हॅरल्ड स्ट्रेन यांनीं १९३९ सालींच घालून पाहिली होती. दक्षिण आफ्रिकेंतील प्रेटोरियस यांनीं १९७४ सालीं विजेनें वाहणाऱ्या द्रवावर वर्णलेखन करून दाखवलें. जॉर्गेन्सन व लुकाक्स यांनींही तो मार्ग अनुसरला. आणि एडिंबरो येथील जॉन नॉक्स यांनीं त्याचें शास्त्र पुढें नेलें. भुकटी जितकी बारीक तितकी निवड चांगली. पण बारीक भुकटींतून द्रव ढकलावयाचा तर पंपाला प्रचंड दाब द्यावा लागतो. वीज मात्र भुकटीच्या प्रत्येक कणाच्या पृष्ठभागापासून ओढते, म्हणून तीन मायक्रॉनच्या कणांतूनही द्रव सहज वाहतो. रेणूवर भार असेल तर तो भारामुळें वेगळा होतो. नसेल तर थबकण्यामुळें वेगळा होतो. वारा आणि चाळणी दोन्ही एकाच नळींत आलीं.

जपानांतील क्योटो येथें शिगेरु तेराबे यांनीं १९८४ सालीं याहूनही सोपी तोड काढली. त्यांनीं नळींत भुकटी न भरतां पाण्यांत साबणाच्या जातीचा एक पदार्थ मिसळला. अशा पदार्थाचे रेणू पाण्यांत एकत्र येऊन अतिसूक्ष्म पुंजके बनवतात. तेलकट डाग साबणांत उतरतो तो याच पुंजक्यांमुळें. या पुंजक्यांवर ऋण भार असल्यानें ते प्रवाहाच्या उलट पोहूं पाहतात, पण प्रवाह बलवान असल्यामुळें हळूहळू त्याच्याबरोबरच वाहून जातात. जो भाररहित रेणू पुंजक्यांत अधिक वेळ विसावतो तो उशिरां पोंचतो. तुळशीबागेंतील दुकानेंच जणूं चालूं लागलीं!

या पद्धतीच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. भुकटी भरलेल्या केशनलिकेंत बुडबुडा शिरला तर वीज तुटते. नळीच्या पृष्ठभागाची स्थिति जरा बदलली तरी प्रवाहाचा वेग बदलतो. म्हणून भुकटीच्या नळींचें बहुतेक दैनंदिन काम अद्यापि दाबाच्या पंपावर चालणारीं यंत्रेंच करतात. सिकल सेलच्या तपासणींतही तशीं यंत्रें वापरतात, आणि मोकळ्या केशनलिकेंतून विजेनें हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारीं यंत्रेंही वापरतात. कोणतें साधन कोठें वापरावें हें कामावरून आणि खर्चावरून ठरतें.

या तपासणीनें घरांत काय फरक पडतो? नवजात बालकाच्या रक्तांत बहुतांश गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन असतें. त्यामुळें सिकल सेलचें मूल पहिले कांहीं महिने इतर मुलांसारखेंच हंसतें, दूध पितें. आईबापांना शंकाही येत नाहीं. परंतु टांचेंतून घेतलेल्या एका थेंबांत दोषी हिमोग्लोबिनचा लहानसा अंश विजेच्या निवडींत वेगळा दिसून येतो. हें आधीं कळण्याला मोल आहे. कारण या मुलांना जंतुसंसर्गाचा मोठा धोका असतो. १९८६ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, तीन वर्षांखालील अशा मुलांना रोज पेनिसिलिन दिल्यानें गंभीर संसर्गाचें प्रमाण ८४ टक्क्यांनीं घटल्याचें दिसून आलें. पेनिसिलिन साधें औषध आहे. तें कोणत्या मुलाला द्यावयाचें हें वेळेवर कळणें, एवढीच काय ती अडचण असते.

दुसरी गोष्ट वाहकांची. आपल्या देशांत हा दोष १९५२ सालीं प्रथम नोंदला गेला, तो निलगिरीच्या आदिवासींमध्यें. आज १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम चालू आहे, आणि सात कोटि लोकांच्या तपासणीचा तिचा संकल्प आहे. त्यांत जे वाहक ठरतात ते बहुधा निरोगी आयुष्य जगतात. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळीं रोगी मूल होण्याचा संभव चारांत एक असतो. एकच वाहक असेल आणि दुसऱ्याच्या हिमोग्लोबिनमध्यें कोणताही दोष नसेल तर मुलाला हा रोग होत नाहीं. इतका सरळ हिशेब असतां, मुलगी वाहक आहे असें कळलें तर तिचें लग्न मोडेल, या भीतीनें कित्येक ठिकाणीं तपासणीच टाळली जाते. कांहीं जण सगळ्या जमातीलाच दोष देऊन मोकळे होतात. हें अज्ञान यंत्रानें दूर होणारें नाहीं. तें आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसांनींच बोलून दूर करावयाचें आहे.

ताटांतला खडा निवडणारी गृहिणी तांदूळ फेंकून देत नाहीं. खडा बाजूला ठेवते आणि भात रांधते. विजेनें रेणू वेगळे करून दाखवले, ते रोग्याची काळजी वेळेवर घेतां यावी म्हणून. त्या अहवालावरून माणसें वेगळीं करण्याचा अधिकार तिनें कोणालाच दिलेला नाहीं. तपासणीचा कागद आपल्या घरीं आला, किंवा आपल्या ओळखीच्या घरीं आल्याचें कानांवर आलें, तर एवढें एक लक्षांत असूं द्यावें: एकशें सेहेचाळीस मण्यांच्या माळेंत एक मणी बदलला आहे. बाकीची माळ आपल्यासारखीच आहे.